मुलीच्या बापाची देग

रमजान तोंडावर आला होता. धाकटा भाऊ संध्याकाळी रिक्षा दारात लावून थेट माझ्या खोलीत आला आणि खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. पुतणीचं लग्न ठरलं होतं. कागद मंगल कार्यालयाच्या केटरिंगवाल्याचा होता. चिकन बिर्याणी, एक सालन, तंदुरी रोटी, दोन गोड पदार्थ, सॅलड, पाण्याची बाटली. ताटामागे ३०० रुपये. माणसं ७००. खाली गोल करून लिहिलेला आकडा होता २ लाख १० हजार.

"एवढे आहेत का तुझ्याकडे?" मी विचारलं.

"नाहीत. फायनान्सवाला देतोय. तुम्ही फक्त जामीन राहा, भाईजान."

जामिनासाठी घराची कागदपत्रं लागणार होती. ती अब्बांच्या जुन्या पेटीत. अब्बांना जाऊन बरीच वर्षं झाली, पेटी मात्र कुणी फारशी उघडत नाही. त्या रात्री उघडली. घराच्या उताऱ्याखाली एक लाल पुठ्ठ्याची वही सापडली. पहिल्या पानावर अब्बांच्या अक्षरात मोडक्या मराठीत लिहिलं होतं, 'बहिणीच्या शादीचा हिशोब, १९७३'. म्हणजे आमच्या फुफूच्या लग्नाचा.

उतारा बाजूला राहिला. मी ती वही वाचत बसलो. पुढचे कित्येक दिवस त्या वहीनं मला इतिहासाच्या बऱ्याच कोपऱ्यांत फिरवलं. त्याचीच ही हकिकत.

दुष्काळातलं लग्न

१९७२चा दुष्काळ महाराष्ट्र विसरलेला नाही. सोलापूर जिल्ह्याला तर त्याची झळ फार बसली. लोक खडी फोडायला, रस्त्याच्या आणि तलावाच्या कामावर जात होते. सुकडी खाऊन आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी गिळून दिवस काढत होते. फुफूचं लग्न त्याच काळात झालं. घरात पैसा नव्हता, धान्यही नव्हतं. तरीही वहीत दोनशे माणसांचं जेवण लिहिलेलं आहे.

ते कसं झालं, हे पुढच्या दोन पानांवर दिसतं. डाव्या बाजूला नावं, उजव्या बाजूला जिन्नस. मामूकडून बकरा एक. चाचांकडून तांदूळ वीस किलो. मोहल्ल्यातल्या सात घरांनी आपापल्या रेशनकार्डावरची साखर दिलेली, कुणी एक किलो, कुणी दोन. शेजारच्या वाड्यातून दूध आणि 'आपल्या हिंदू मंडळींच्या पंगतीसाठी' तूरडाळ पाच किलो. जळण खालाच्या घरचं. देगा आणि ताटं जमातीची, भाडं नाही, फक्त घासून परत करायची. भटाऱ्याच्या मजुरीपुढे 'निम्मी रोख, निम्मी ईदला' असं लिहिलंय.

शेवटी बेरीज. अब्बांच्या खिशातून गेलेली रोख रक्कम इतकी थोडी होती की मी ती दोनदा तपासून पाहिली. वहीत कर्जाची एकही नोंद नाही. परतफेडीच्या नोंदी मात्र आहेत. पुढच्या पाच-सात वर्षांत त्या सगळ्या घरांतली लग्नं झाली, तेव्हा कुणाला काय पोचवलं ते प्रत्येक नावासमोर दुसऱ्या शाईनं लिहून रेघ मारलेली. अख्ख्या मोहल्ल्याची ती एक चालती-बोलती भिशीच होती. फरक इतकाच की तिच्यात व्याज नव्हतं.

मदिनेच्या वाटेवरचा वलीमा

हे वाचताना मला एक फार जुना प्रसंग आठवला. हिजरी सन ७, म्हणजे इसवी सन ६२८. खैबरहून मदिनेला परतताना वाटेत पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांचा हजरत सफिया यांच्याशी निकाह झाला. हजरत अनस यांनी त्या वलीम्याचं वर्णन सांगितलंय. रोटी नव्हती, गोश्त नव्हतं. चामड्याचं एक दस्तरखान अंथरलं आणि ज्याच्याजवळ जे असेल ते त्यानं आणावं असं सांगण्यात आलं. कुणी खजूर आणले, कुणी तूप, कुणी वाळवलेलं दही. ते सगळं एकत्र कालवून 'हैस' नावाचा पदार्थ झाला. तोच वलीमा.

अब्बांनी हे वाचलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. पण त्यांच्या वहीची ती दोन पानं म्हणजे तेच चामड्याचं दस्तरखान होतं.

आपल्याकडे वलीम्याचा विषय निघाला की हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांना केलेली सूचना हमखास सांगितली जाते, की एका बकरीचा का होईना, पण वलीमा कर. ती सांगताना दोन गोष्टी गाळल्या जातात. एक, हे ज्यांना सांगितलं ते पुढे मदिनेतले मोठे व्यापारी झाले, आणि त्यांनाही सांगितलं ते एकाच बकरीचं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वलीमा नवऱ्या मुलाकडे असतो. मुलीच्या बापानं शेकडो माणसांना जेवू घातलंच पाहिजे, अशी सक्ती शरियतेत कुठेही नाही. आज आपल्या समाजात लग्नाचं सगळ्यांत मोठं बिल मात्र नेमकं त्याच माणसाच्या नावावर फाटतं, ज्याच्यावर ते देण्याची जबाबदारीच नाही.

आणखी एक हदीस आहे, ती तर कार्यालयाच्या दारावर लावावी अशी. ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावलं जातं आणि गरिबांना वगळलं जातं, त्याचं जेवण सगळ्यांत वाईट, असा तिचा आशय आहे. जेवणाची चांगली-वाईट पारख तिथे पदार्थांच्या संख्येवरून केलेली नाही. पंगतीला कोण बसलं यावरून केली आहे.

बादशहाचाही हिशोब होता

मग ही थाटाची ओढ आली कुठून? आपल्याकडे लगेच मुघलांकडे बोट दाखवतात. ते अर्धंच खरं आहे.

अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्याचं प्रकरण वाचण्यासारखं आहे. वर्षाच्या सुरुवातीला खर्चाचा अंदाज तयार व्हायचा आणि त्याप्रमाणे रक्कम मिळायची. 'मीर बकावल' नावाचा अधिकारी सगळ्यावर नजर ठेवायचा, ताटं मोहोरबंद होऊन जायची. पदार्थांची मापं तर वाण्याच्या यादीसारखी दिली आहेत. जर्द बिरंज, म्हणजे आपला जर्दा, करायचा तर १० शेर तांदळाला ५ शेर खडीसाखर, साडेतीन शेर तूप. मनुका, बदाम, पिस्ते प्रत्येकी अर्धा शेर. त्यातून किती थाळे भरतील तेही लिहिलंय, चार. खिचडीला तांदूळ, डाळ आणि तूप समसमान, प्रत्येकी ५ शेर. हे तूप आपल्या ऐपतीबाहेरचं आहे, हे कबूल. पण हिंदुस्थानच्या बादशहाच्या घरीसुद्धा आधी माप आणि मग देग असा रिवाज होता, हे विसरू नये.

दुसरी बाजूही आहे. १६३३ साली शहाजहाननं थोरला मुलगा दारा शुकोह याचं लग्न नादिरा बानूशी लावलं. त्या लग्नाला ३२ लाख रुपये लागले, त्यातले १६ लाख शहजादी जहाँआरानं दिले, असं इतिहासात नोंदलं गेलंय. आता त्याच्या तीन वर्षं मागे जा. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. गावंच्या गावं ओस पडली. देहूच्या तुकाराम महाराजांचं घर आणि व्यापार ज्यात बसला, तो हाच काळ. शहाजहान तेव्हा याच मुलखात, बुऱ्हाणपूरला तळ देऊन होता. १६३१ साली मुमताज महल तिथंच गेली. दख्खन उपाशी मेली आणि आग्र्यात आतषबाजी झाली, त्यात फक्त दोन वर्षांचं अंतर होतं.

मला त्या ३२ लाखांचं फारसं नवल वाटत नाही, बादशहाकडे खजिना होता. आपल्या मोहल्ल्यातला माणूस दुसऱ्याच्या खजिन्याकडे बघून स्वतःची चूल पेटवतो, तेव्हा त्याला जी रक्कम लागते ती कुठून येते, हा खरा प्रश्न आहे.

सुप्याचा बाजार

या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की महाराष्ट्रात एका गावाशी थांबावंच लागतं. पुणे जिल्ह्यातलं सुपे. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्यांना पैशाअडक्यापेक्षा कर्जरोखे आणि वह्या हव्या होत्या. त्या त्यांनी जाळल्या. बघता बघता पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत लोण पसरलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला. त्या काळात गोऱ्या अधिकाऱ्यांचं आणि शहाण्यासुरत्या लोकांचं एक आवडतं मत होतं. कुणबी कर्जात का बुडतो? लग्नात उधळतो म्हणून. आयोगानं आकडे तपासले आणि या मताला फारसा आधार सापडला नाही. लग्नखर्चाला कर्जाचं कारण म्हणून गरजेपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय, असा त्यांचा निष्कर्ष होता. खाण्यासाठी, बियाण्यासाठी, बैलासाठी, सरकारी सारा भरण्यासाठी पुन्हा पुन्हा घेतलेली छोटी कर्जं शेतकऱ्याला अधिक बुडवतात, कधीतरी येणारं एखादं लग्न नव्हे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला चढलेला भाव १८६५नंतर कोसळला होता आणि त्यावर साऱ्याची वाढ आली होती. १८७९चा दख्खन शेतकरी कायदा याच सगळ्यातून आला.

हा निष्कर्ष मी मुद्दाम सांगतोय. गरिबांच्या लग्नावर प्रवचन झोडणं फार सोपं असतं. मौलाना झोडतात, समाजसुधारक झोडतात, आम्ही लिहिणारेही झोडतो. 'उधळे आहेत, म्हणून गरीब आहेत' हे वाक्य दीडशे वर्षांपूर्वीच तपासलं गेलं आणि खोटं निघालं. ते पुन्हा आपल्याच भावाच्या तोंडावर फेकण्याआधी दहादा विचार करावा.

त्याच सुमाराला, त्याच पुण्यात, जोतीराव फुल्यांनी प्रवचनाऐवजी पर्याय उभा केला. २४ सप्टेंबर १८७३ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि २५ डिसेंबर १८७३ला पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुरोहित नाही, हुंडा नाही, अवास्तव खर्च नाही. विरोध झाला, पण एका लग्नानं दाखवून दिलं की असंही होऊ शकतं. मला ही पद्धत पटते. कमी खर्चाचं लग्न आधी कुणीतरी करून दाखवावं लागतं, मग ते सांगण्याची गरज उरत नाही.

कायद्याची कात्री

सरकारांनीही कात्री लावून पाहिली. १९६५च्या टंचाईत लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातलं एक जेवण सोडायला सांगितलं. अमेरिकेहून गव्हाची जहाजं येत होती. त्या दशकात अनेक राज्यांनी लग्नाच्या पाहुण्यांवर मर्यादा घालणारे हुकूम काढले. पश्चिम बंगालनं तर १९६५ साली छेन्याच्या मिठाईवरच बंदी घातली. बंगाली माणसाला संदेशाशिवाय लग्न म्हणजे काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

पाकिस्ताननं १९९७ साली कायदा करून लग्नातल्या जेवणालाच मनाई केली, पाहुण्यांना फक्त गरम-थंड पेयं द्यायची. पुढे तिथल्या पंजाब प्रांतात 'वन डिश' आली. २०१६च्या कायद्यात तर एक सालन, एक भात, रोटी, सॅलड आणि एक गोड अशी यादीच दिली आहे. कायदा आला की पळवाटही येते, हे सांगायला नको. पण त्या यादीत मला एक शहाणपण दिसलं. एक भात, एक सालन, एक गोड. आमच्याकडे याला कायदा लागत नव्हता. आम्ही त्याला 'दालचा-खाना आणि मीठा' म्हणत होतो.

काय बदललं?

इथवर आल्यावर मी भावाला बोलावलं आणि जामिनाआधी त्याची सगळी देणी कागदावर मांडायला लावली. रिक्षाचा हप्ता. अम्मीच्या दवाखान्यासाठी काढलेले पैसे, त्यातले निम्मे अजून बाकी. धाकट्याची फी. पावसाळ्यात धंदा बसला तेव्हा घेतलेलं हातउसनं. १८७६च्या त्या अहवालात सांगितलेली छोटी छोटी कर्जं माझ्यासमोर, माझ्या भावाच्या अक्षरात होती. तो उधळा नव्हता. पण या ढिगावर २ लाख १० हजार ठेवले, तर ढीग ढासळणार होता.

अब्बा तर त्याच्याहून गरीब होते. मग ते का बुडले नाहीत? माझ्या मते फरक एका शब्दाचा आहे, 'ताटामागे'. अब्बांच्या वेळी जेवण देगेनं मोजलं जायचं. देग अनेकांची असायची, जिन्नस वाटून यायचे, हात वाटून यायचे. दहा माणसं वाढली तर दालच्यात दोन तांबे पाणी वाढायचं. ताटाचा दर आला आणि प्रत्येक पाहुणा म्हणजे ३०० रुपये झाला. भांडी केटरिंगवाल्याची, आचारी त्याचा, वाढपी त्याचे. बिल मात्र एकट्या बापाचं. पाहुणे आजही पाकीट देतात, पण ते जेवण झाल्यावर. त्यातून फक्त व्याज फिटतं.

मग आम्ही दोघं आमच्या जुन्या भटारीचाचांकडे गेलो. आधी यादीला कात्री लावली. सातशेमध्ये दीडशे नावं अशी निघाली की ज्यांचं नाव घेतल्यावर चेहरा आठवेना. उरलेल्या दीडशेचा प्रश्न वराकडच्या मंडळींचा होता, ते २२५ माणसं आणणार होते. भाऊ म्हणाला, त्यांच्याशी हे बोलायचं नाही, नाक कापलं जाईल. शेवटी मी गेलो. मुलाच्या दादांसमोर अब्बांची वही ठेवली. म्हातारबाबा चष्मा लावून बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "पंचाहत्तर आणतो. बाकीच्यांना मी वलीम्यात जेवू घालीन. ते माझंच काम आहे." ज्या बोलण्याची आम्हाला महिनाभर भीती वाटत होती, ते पाच मिनिटांत संपलं.

चारशे माणसं धरली, त्यात साठ शाकाहारी. चाचांचं माप सरळ होतं. माणशी १२० ग्रॅम तांदूळ, म्हणजे ४८ किलो, ५० धरा. दालच्याला डाळ माणशी ३५ ग्रॅम, १४ किलो. तीनशे चाळीस माणसांना माणशी ७० ग्रॅमनं मटण २४ किलो. नुसतं सालन केलं असतं तर याच्या दुप्पट लागलं असतं, दालच्यात मात्र दुधी आणि डाळ गोश्ताला साथ देतात. शाकाहारी दालच्याची हंडी वेगळी, चूल वेगळी, आचारी वेगळा. गोडाला एक जर्दा, अबुल फजलच्या तुपाशिवाय. तांदूळ ३,५००, तेल १,२००, डाळ १,६८०, मटण १८,०००, भाजी-मसाला ६,०००, जर्दा ४,०००, मजुरी १०,०००, जळण ३,०००, जमातीच्या भांड्यांचं भाडं २,०००, पाणी १,५००. एकूण ५०,८८०. ताटामागे काढलंच तर सव्वाशेच्या आसपास.

त्यातही आम्ही वही फिरवली. मटण मामूंच्या मुलांनी उचललं, तांदूळ मी, मजुरी दोघा चुलतभावांनी. भावाच्या वाट्याला साडेएकोणीस हजारांच्या आत आले. जामिनाची सही करावी लागली नाही.

लग्नाच्या दिवशी

सगळं गुळगुळीत झालं असं सांगणार नाही. भाभी आदल्या रात्री रडली. जावेच्या मुलीच्या लग्नात पाच पदार्थ होते आणि आपल्या मुलीला दालचा, हे तिला लागलं होतं. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. इज्जत ही काही खोटी गोष्ट नाही, गरिबाकडे तर पुष्कळदा तेवढीच असते. मी तिला वही दाखवायला गेलो नाही. फुफूच तिच्याजवळ जाऊन बसली.

पंगतीत चाळीसेक माणसं जास्त आली. खाना पुरला, दालचा पुरला, जर्दा मात्र शेवटच्या पंगतीला कमी पडला. एका नातेवाइकानं हात धुताना टोमणा मारलाच. पहिल्या पंगतीला, फुफूच्या सांगण्यावरून, मांडववाले, रिक्षा स्टँडवरचे भावाचे सोबती आणि मशिदीच्या दारात बसणारी माणसं होती. वरपक्षाचे दादा त्यांच्यातच येऊन बसले.

रात्री जमातीची भांडी घासून झाल्यावर मी अब्बांची वही उघडली. मागे कोरी पानं होती. डावीकडे नावं लिहिली, उजवीकडे जिन्नस. कुणाचं काय आलं आणि कुणाला काय पोचवायचं आहे. पुढच्या वर्षी चुलतभावाच्या मुलीचं लग्न आहे. पहिली परतफेड तीच.